झाकण उघडायचं नाही

आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला आधी जॅक, मग टायर आणि मग ग्रीसचे डबे ओलांडावे लागत. चौक गावात जुन्या हायवेच्या कडेला बाबांचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या. घराला वेगळं दार नव्हतंच. साडी किंचित उचलून, नाक मुरडत आत येणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या. आई त्यांना बसायला पाट द्यायची, पण तो पुसून द्यायची नाही. "गॅरेजवाल्याकडं आलं तर डाग लागणारच," असं ती त्या गेल्यावर म्हणायची, आणि तेही त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आई पोशीर गावची. भाताच्या घरातली. माझे मामा दरवर्षी नव्या तांदळाची पोती टेंपोत घालून आणून टाकत, आणि ती पोती आमच्या मधल्या खोलीत अशी रचलेली असत की आम्हा माणसांना त्यांच्या कडेकडेनं वावरावं लागे. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. थंडीत गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत पोपटी लागायची. वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरून मडकं उलटं ठेवायचं, भोवती जाळ करायचा, आणि गाडी दुरुस्त व्हायची वाट बघत बसलेला एखादा लांबचा ड्रायव्हरही आमच्यात बसून शेंगा सोलायचा. मला अजूनही वालाचा वास आला की पाठोपाठ डिझेलचा वास येतो. दोन्ही मला सारखेच आवडतात.

मी आवाजात वाढले. स्प्रिंगच्या कमानपाट्यावर पडणारा घण, हवा भरायच्या मशीनची धडधड, उभ्या राहणाऱ्या ट्रकच्या ब्रेकचा सुस्कारा. मग डोंगराच्या अंगानं नवा मोठा रस्ता झाला आणि ट्रक तिकडून जायला लागले. एकेक ढाबा बंद पडला, समोरच्या पंक्चरवाल्यानं बस्तान हलवलं. आवाज कमी झाला तेव्हा आधी बरं वाटलं. मग दुपारी समोरच्या कडुलिंबावरचे कावळे ऐकू यायला लागले आणि आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा फार बोलत नसत. किसनमिस्त्री म्हणून त्यांचं नाव होतं. इंजिन उतरवून त्याचा भाग न् भाग पोत्यावर मांडायचे आणि मग तासभर नुसते बघत बसायचे.

बारावी झाल्यावर मी कर्जतला कॉम्प्युटर क्लासला जायला लागले. सहाआसनीत मागे तोंड करून बसायचं, धूळ खात जायचं, क्लासच्या दारात चपला काढायच्या. आत पडदे लावलेले, पंख्याची मंद घरघर, आणि प्रत्येक मशीनवर फुलाफुलांचं कापड. एका मशीनला दोन मुली. सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर नियम लिहिले आणि त्यातला पहिला होता, झाकण उघडायचं नाही. सर वाईट माणूस नव्हते, हे मी आज मोकळ्या मनानं सांगते. त्यांनी कर्ज काढून मशीनं आणली होती आणि त्यांना ती जपायची होती. पण तेव्हा मला ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही पटत नाही.

एके दिवशी आमचं मशीन सुरूच होईना. पडदा काळा आणि आतून लांब शिट्टीसारखा आवाज, थांबून थांबून. सरांनी पनवेलहून माणूस बोलावला. आम्हा मुलींना व्हरांड्यात काढलं. मी दारातच थांबले. त्या माणसानं मागचे स्क्रू काढले, झाकण सरकवलं, आतली एक हिरवी पट्टी उपसून काढली, तिच्या सोनेरी कडेवर साधा खोडरबर फिरवला, पट्टी परत बसवली आणि बटण दाबलं. मशीन सुरू. त्याला चहा देईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी सरांना म्हटलं, "सर, मला दाखवाल आत काय असतं ते?"

सर हसले. "तुला काय करायचंय? मुलींनी टायपिंग चांगलं करावं, नोकरी लागते. झाकण उघडणारी माणसं वेगळी असतात."

परतीच्या वाटेवर मी रागानं नुसती धुमसत होते. ज्या घरात मी रांगायला शिकले त्या घरात ट्रकचं इंजिन जमिनीवर उघडं पडलेलं असे, आणि मला एका पत्र्याच्या डब्याचं झाकण काढायला बंदी. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते रॉकेलमध्ये नोझल धूत होते. वर न बघता म्हणाले, "उघडल्याबिगर कळणार कसं?" मला एवढंच हवं होतं.

आमच्या पलीकडे हमीदचाचांचा भंगाराचा वाडा होता. खालापूरकडच्या कारखान्यांचं भंगार त्यांच्याकडे उतरायचं. पत्रा, पिंपं, केबल. त्या वर्षी एका कारखान्याच्या ऑफिसातली जुनी मशीनं बदलली आणि टेंपोभर कॉम्प्युटर चाचांच्या वाड्यात येऊन पडले. काही फुटलेले, काही नुसते धुळीनं माखलेले. मी चाचांना विचारलं तेव्हा त्यांनी दाढी खाजवली. "देख ले बेटा. उघड, काय करायचं ते कर. पण तांबं माझं हाय. तुटलं तर चालंल, हरवायचं नाय." त्यांची मुलगी रुबिना माझ्याच वयाची. तीही बारावी झालेली, पण तिला कर्जतला एकटीनं जायची परवानगी नव्हती. ती वाड्याच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी पहिलं मशीन उचललं तेव्हा दुसरी बाजू तिनं धरली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आईनं ते ओझं घरात येताना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "भाताच्या पोत्यांशेजारी ही घाण मांडायची नाय." मग आम्ही गॅरेजच्या एका कोपऱ्यात पोती अंथरली. स्क्रू ठेवायला मी आईची जेवायची ताटली उचलली, त्यावरून आठवडाभर बोलणी खाल्ली, आणि शेवटी आईनंच एक चेपलेली परात आणून आदळली. बाबांनी शिकवलं ते एवढंच, पण ते मला जन्मभर पुरलं. "चालतं मशीन आन बंद मशीन शेजारी ठेव. एका टायमाला एकच भाग बदल. दोन बदललेस तर कशानं चाललं ते कळणार नाय." आणि दुसरं, "जोर लावायची वेळ आली म्हंजी कायतरी चुकतंय. थांबायचं."

हे दुसरं फार कामाला आलं. त्या हिरव्या पट्टीला, म्हणजे रॅमला, कडेला एक खाच असते. वेगळ्या जातीच्या मशीनची पट्टी लावायला गेलं तर खाच जुळत नाही. ती जुळू नये म्हणूनच ठेवलेली असते. मी आणि रुबिना अशा कितीतरी पट्ट्या हातात घेऊन उलट्यासुलट्या करून बघत बसायचो. हळूहळू एकेका भागाची ओळख होत गेली. मागचा जड चौकोनी डबा घरातली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना बेताबेतानं वाटतो. मोठ्या हिरव्या पाटीवर, मदरबोर्डवर, सगळे जोडलेले. प्रोसेसर कामाचा धनी. त्याच्या डोक्यावर पंखा, आणि पंख्याखालचा लेप वाळला की तो तापून बंद पडतो. हार्ड डिस्क वीज गेली तरी सगळं जपून ठेवते, आणि रॅम वीज गेली की सगळं विसरते. हे मी रुबिनाला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एक कामापुरतं ध्यानात ठेवते आणि एक जन्मभर."

"तुझी अम्मी दोन्ही करते," मी म्हटलं. ती इतकी हसली की चाचा वाड्यातून बघायला आले.

टीव्हीसारखा पडदा मात्र आम्ही कधी उघडला नाही. त्याच्या आत बंद केल्यावरही जोरदार वीज साठलेली असते हे बाबांना एका टीव्हीवाल्यानं सांगितलं होतं, आणि बाबा ज्याला घाबरत त्याला आम्हीही घाबरायचो. बाकी सगळं उघडलं. पहिलं मशीन आमच्या हातून सुरू झालं तेव्हा ते इतकं हळू चालत होतं की एक अक्षर दाबून भाकरीचा घास घेऊन यावं. मग एका मेलेल्या मशीनमधली तशीच खाच असलेली पट्टी आम्ही त्याच्या दुसऱ्या रिकाम्या घरात बसवली. बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर रॅम मोजणारे आकडे धावले आणि आधी थांबायचे तिथे न थांबता दुप्पट पुढे गेले. आम्ही दोघी एकमेकींचे ग्रीसचे हात धरून उभ्या होतो. दुसऱ्या एका मशीनची हार्ड डिस्क तिसऱ्यात घातली, चौथ्याचा पंखा दुसऱ्याला लावला. असं करत चालती मशीनं उभी राहिली.

आता माझा भाचा फोन घेऊन येतो. आत्या, बॅटरी फुगली, म्हणतो. मी उलटापालटा करते, त्याला स्क्रूच नाही, सगळं डिंकानं चिकटवलेलं. दुकानवाला त्याला सांगतो नवा घे. मला त्या दुकानदाराचा नाही, तो फोन बनवणाऱ्याचा राग येतो. चष्म्याचा नंबर वाढलाय, हात थोडे थरथरतात, पण अजून मी तो फोन गरम करून उघडतेच.

तर मशीनं उभी राहिली, आणि रुबिना म्हणाली, "कर्जतला न जाणाऱ्या मी एकटीच थोडी आहे." आम्ही गॅरेजच्या कोपऱ्यात क्लास सुरू केला. ज्या मुलींना घरून लांब पाठवत नव्हते, ज्यांना दुपारी तासभरच सवड होती, त्या आल्या. आमच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी टायपिंग नव्हतं. पहिल्या दिवशी झाकण उघडायचं, एक पट्टी काढायची, पुसायची, परत बसवायची. मग बाकीचं.

आठवडे गेले आणि बोलणं सुरू झालं. एक ड्रायव्हर गाडीखाली काम चाललं असताना खाटेवर बसून मुलींकडे बघत होता म्हणे. बघतही असेल. मुली त्याच्याकडे बघत नव्हत्या, त्यांच्यासमोर मदरबोर्ड होता. पण एका दुपारी तात्या आले. तात्या म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, गावातले मानाचे, ज्यांच्या शब्दावर लग्नं ठरत आणि मोडत. बाबांची उरलीसुरली गिऱ्हाइकंही त्यांच्याच ओळखीची. ते खाटेवर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलले. "किसना, गॅरेज ही पोरींची जागा नाय. लोकं काय बोलतात ते तुला कळत नसंल, मला कळतं. आन हे भंगार. भंगारावर शिकून कुणाचं भलं झालंय? मी समाजमंदिरात नवी मशीनं आणतोय, कर्जतच्या सरांना बोलावतोय. पोरी तिकडं शिकतील. हिला वाटलं तर हिनं तिथं झाडलोट बघावी."

झाडलोट. तो शब्द त्यांनी कदाचित सहज वापरला असेल. मी आजपर्यंत विसरलेले नाही.

ते गेल्यावर बाबा उठले आणि त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. आत एकदम अंधार झाला. मुली मशीनसमोर तशाच बसलेल्या, उकाडा, डिझेलचा कोंडलेला वास, आणि कंबरेखालून येणारी उन्हाची एक पट्टी. मी हातातला पेचकस खाली ठेवला, दाराशी गेले आणि शटर दोन्ही हातांनी ढकलून पूर्ण वर केलं.

"अर्धं तरी राहू दे," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तीच गोष्ट मला जास्त लागली.

"अर्ध्या शटरखाली आमी काय चोरी करतोय, बाबा?"

बाबा पाना उचलून गाडीखाली गेले. शटर वरच राहिलं. पण दुसऱ्या दिवशी मुली आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. रुबिना तेवढी यायची. चाचांना तात्यांचा निरोप गेला होता, पण चाचा म्हणाले होते, "मेरी लडकी मेरे वाडे के बाजू में बैठती है, किसको क्या?" आम्ही दोघी रिकाम्या खुर्च्यांसमोर मशीनं पुसत बसायचो. आई दोघींना भाकरी वाढायची.

समाजमंदिरातल्या क्लासचं उद्घाटन ठरलं तेव्हा मी रुबिनाला म्हटलं, आपण जायचं. नुसतं बघायला नाही, मशीन घेऊन. तिथल्या पटांगणात, पारावर, सगळ्यांसमोर मशीन सुटं करायचं, जोडायचं आणि चालू करून दाखवायचं. भंगार म्हणालेत ना, मग भंगार काय करतं ते बघू दे. रुबिनानं विचारलं, "नाही चालू झालं तर?" मी म्हटलं, "तर सगळ्यांसमोर नाही होणार." चाचांची हातगाडी घेतली, त्यावर गोधडी अंथरली, पडदा आणि डबा बांधला. मी पुढून ओढत होते. ओढ्यावरच्या मोरीपाशी चढ लागला, गाडी थांबली, आणि मग एकदम हलकी झाली. मागे वळून बघितलं तर बाबा ढकलत होते. कपडेही बदलले नव्हते, ग्रीसचा सदरा तसाच.

पटांगणात रांगोळी, नारळ, पेढ्यांचे खोके. आत नव्या मशीनांची ओळ, अजून प्लास्टिकच्या पिशव्यांत. कर्जतचे सर नव्या शर्टात. आमची गाडी पाराशी थांबली तशी माणसं वळून बघायला लागली. समोरच्या चहावाल्याकडून मी वायर ओढून आणली. मशीन पारावर मांडलं, सगळं जोडलं, बटणाकडे हात नेला आणि वीज गेली. त्या दिवसांत ती जायचीच, केव्हाही, पण त्या क्षणी जायला नको होती. समाजमंदिरातले पंखे थांबले. आतली माणसं घामाघूम होऊन बाहेर आली आणि सगळा घोळका पाराभोवती जमला. तात्या पायरीवर उभे होते. "घ्या," ते म्हणाले, "हिनं भंगार लावलं आन लाईट घालवली." लोक हसले.

बाबा माझ्याजवळ आले. "परत न्यायचं का?"

"नाय," मी म्हटलं. मी वायर सोडवली आणि खिशातून पेचकस काढला.

"बंद मशीन काय दाखवतेस?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, उघडायचं ते बंद असतानाच उघडायचं असतं."

मी हे मोठ्यानं बोलले होते. कोणी हसलं नाही. मी झाकण काढलं, पत्र्याला हात लावला आणि एकेक भाग काढून गोधडीवर मांडायला लागले. रुबिना त्याचं नाव आणि काम सांगत होती. तिचा आवाज आधी कापत होता, मग कापेनासा झाला. सर गर्दीतून पुढे आले. "अंगातली वीज उतरवून घेतलीस ना आधी?" त्यांनी हळूच विचारलं. "पत्र्याला हात लावला की," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि तिथेच उभे राहिले. आमच्या क्लासला येणं थांबवलेली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "रॅम मी काढू?" मी बाजूला सरकले.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. समाजमंदिरातला क्लास चालला, चांगला चालला. आमचाही चालला. काही मुली दोन्हीकडे जायच्या, काही फक्त तिकडे. सगळ्या परत आल्या असं मी म्हणणार नाही, आल्या नाहीत. तात्यांनी त्यानंतर कितीतरी दिवस आपली जीप आमच्याकडे आणली नाही आणि ओळखीची गिऱ्हाइकंही तोडली. आम्ही चटणीभाकरीवर दिवस काढले. बाबांनी मला त्यावरून एका शब्दानं बोल लावला नाही. रुबिना लग्न होऊन खोपोलीला गेली आणि तिथे तिचं दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर तिचंच नाव आहे, नवऱ्याचं नाही. माझी पाटी चौकलाच आहे. लोक अजून विचारतात, जुनं दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवं का विकत नाही? विकत नाही. माझी मर्जी.

पण उद्घाटनाच्या त्या दुपारबद्दल एक राहिलं. गर्दीतून तात्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या काकी, पुढे आल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात हळदीकुंकवाचं ताट. चार माणसांत बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ताट बाबांच्या हातात दिलं, पदराला हात पुसले आणि गोधडीवरची हार्ड डिस्क उचलून तळहातावर तोलली. रुबिना त्यांना सांगत होती की ह्यात घातलेलं वीज गेली तरी जात नाही. तेवढ्यात वीज आली. आतले पंखे फिरायला लागले, लोक दाराकडे वळले, आणि तात्यांनी पायरीवरून हाक मारली, "अगं ए, चल आत, पेढे वाटायचे हायेत."

काकींनी मागे वळून पाहिलंही नाही. "तुमी वाटा," त्या म्हणाल्या, आणि पारावर माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या. "हां गं पोरी, आता हे उघडून दाव. ह्याच्या आत काय हाय?"